शिलंबूची साक्ष : 'शिलप्पदिकारम्'मधील पैंजणाचा अर्थव्यवहार

१

'शिलप्पदिकारम्' या तमिळ महाकाव्याचे नाव एका दागिन्यावरून पडले आहे. शिलंबु म्हणजे पायात घालायचे, पोकळ नळीचे आणि आत खडे भरलेले पैंजण; अदिकारम् म्हणजे प्रकरण किंवा कथा. 'मुद्राराक्षस', 'मृच्छकटिक' अशी वस्तूंवरून पडलेली नावे संस्कृत नाटकांत आढळतात. परंतु महाकाव्याने वीराचे, वंशाचे किंवा युद्धाचे नाव न घेता एका वाण्याच्या बायकोच्या पायातील अलंकाराचे नाव घ्यावे, ही भारतीय महाकाव्यपरंपरेतील असाधारण गोष्ट म्हटली पाहिजे. परंपरा या काव्याचे कर्तृत्व इळंगो अडिगळ या, चेर राजकुळात जन्मलेल्या यतीला देते. काव्याच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. दुसऱ्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंतचे काळ सुचवले गेले आहेत. पुहार, मदुरै आणि वंजी ही चोल, पांड्य आणि चेर या तीन राज्यांची नगरे काव्याच्या तीन कांडांना नावे देतात, आणि दहा, तेरा व सात अशा एकूण ३० प्रकरणांत कथा विभागलेली आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८९२ साली काव्य टीकेसह संपादून प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याचे आधुनिक वाचन सुरू झाले. मराठी वाचकाला ते बहुधा दीक्षितार (१९३९), दानिएलू (१९६५) किंवा आर. पार्थसारथी (१९९३) यांच्या इंग्रजी अनुवादांतून भेटते.

या काव्याविषयीच्या चर्चेत एक विधान वारंवार येते : पैंजण हे कण्णगीच्या पातिव्रत्याचे प्रतीक आहे. हे विधान चूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण काव्याच्या प्रस्तावनेतच पतिव्रतेची थोरांकडून होणारी स्तुती हे काव्याच्या तीन सूत्रांपैकी एक म्हणून नोंदवले आहे. (उरलेली दोन अशी : राजधर्मात चुकणाऱ्यासाठी धर्मच यम होतो, आणि पूर्वकर्म कर्त्याला शोधत येते.) परंतु प्रतीक म्हटले की वस्तू पारदर्शक होते, आपण तिच्यातून पलीकडचा अर्थ पाहू लागतो आणि ती स्वतः दिसेनाशी होते. पैंजण या काव्यात आधी एक वस्तू आहे. ते पायातून काढले जाते, भांडवल म्हणून मोजले जाते, विकायला नेले जाते, चोरीचा माल ठरते, जप्त होते, न्यायसभेत मांडले जाते आणि अखेर फोडले जाते. या प्रवासाकडे नीट पाहिल्यास शिलंबु प्रथम मालमत्ता आणि मग पुरावा आहे, आणि त्याचे प्रतीक होणे ही नंतरची, काहीशी सोयीची घडामोड आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

वस्तूपासूनच सुरुवात करू. तमिळमध्ये पायातील अलंकारांसाठी शब्दांची मोठी संपदा आहे, आणि प्रत्येक शब्दाला सामाजिक जागा आहे. 'कळल' हा वीराच्या पायातला तोडा. तो पराक्रमाची खूण असतो. 'सदंगै' म्हणजे नर्तनाचे घुंगरू. आज तमिळ घरांतील मुली आणि स्त्रिया घालतात ते चांदीच्या साखळीचे 'कोलुसु', आणि विवाहात पायाच्या बोटांत चढवतात त्या 'मेट्टी', म्हणजे आपली जोडवी. सोने हे लक्ष्मीचे रूप म्हणून ते कमरेखाली घालू नये, हा संकेत दक्षिणेत आज सर्वपरिचित आहे; परंतु कण्णगीचे शिलंबु सोन्याचे आहे, हे काव्य स्पष्टपणे सांगते. म्हणजे आजच्या संकेतावरून त्या काळच्या वस्तूचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे संघम काव्यातला संदर्भ. 'ऐङ्कुरुनूरु' आणि 'अकनानूरु' या संकलनांत विवाहापूर्वी मुलीच्या पायातील शिलंबु उतरवण्याच्या विधीचा उल्लेख येतो. 'शिलंबु कळि नोन्बु' या नावाने तो ओळखला जातो. मुलगी प्रियकरासोबत निघून गेलेली असते आणि मागे राहिलेली आई हळहळते, की निदान हा विधी तरी आमच्या घरी व्हायला हवा होता. शिलंबु या जुन्या कवितेत कुमारीपणाची, माहेरच्या अंगणाची खूण आहे; ते उतरते तेव्हा मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. 'शिलप्पदिकारम्'मधली कण्णगी विवाहित असूनही शिलंबु घालते, म्हणजे प्रथा एक तर बदलली आहे किंवा व्यापारी कुळांत ती निराळी आहे. परंतु शब्दाची स्मृती प्रथेइतकी लवकर बदलत नाही. शिलंबु पायातून उतरणे म्हणजे एक आयुष्य संपून दुसरे सुरू होणे, हा संकेत तमिळ श्रोत्याच्या कानात असणारच. या काव्यात ते दोनदा उतरते, आणि दोन्ही वेळा नवे आयुष्य सुरू होण्याऐवजी असलेले मोडत जाते.

पहिल्यांदा ते उतरते कोवलन माधवीकडे गेल्यावर. चौथ्या प्रकरणात कवी विरहिणी कण्णगीचे वर्णन करतो ते अलंकारांच्या अभावाने, आणि त्या यादीत पायांत शिलंबु नसणे हा पहिल्याच तपशिलांपैकी एक आहे. याउलट सहाव्या प्रकरणात, सागरतीरी निघण्याआधी, माधवीच्या शृंगाराचे नखशिखांत वर्णन येते, आणि तेथे केवळ पायांतलेच पाच अलंकार नावानिशी मोजले आहेत. त्यांत नूपुर आहे, सदंगै आहे. एकीचे पाय वाजते, दुसरीचे मुके. दक्षिणेत आणि आपल्याकडेही घुंगरू बांधणे या कृतीला स्त्रीच्या सामाजिक स्थानाचा निर्णायक अर्थ होता. कन्नडमध्ये 'गेज्जे पूजे' हे देवदासी-दीक्षेशी जोडलेल्या विधीचे नाव आहे, एम. के. इंदिरा यांच्या कथेवरून पुट्टण्णा कणगाल यांनी १९६९ साली त्याच नावाचा चित्रपट केला. मराठीत 'पायांत चाळ बांधणे' हा वाक्प्रयोग तोच अर्थ वाहून आणतो. घरातली स्त्री आणि नाचणारी स्त्री यांच्यातली सीमा अशी घोट्यापाशी आखली गेली आहे.

मात्र कवीने या दोन स्त्रियांना परस्परविरोधी नमुने केलेले नाही. माधवी कोवलनशी एकनिष्ठ आहे, त्याच्या मृत्यूनंतर ती विरक्त होते, आणि तिची मुलगी मणिमेखलै हिची कथा पुढे सात्तनारच्या महाकाव्याचा विषय झाली. दोघींच्या पायांत फरक आहे तो शीलाचा नव्हे, आवाजाचा. माधवीचा अलंकार सभेत वाजण्यासाठी आहे. कण्णगीचा अलंकार घरात वाजत होता, आता पेटीत पडून आहे. त्याच्या आत काय आहे हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही. पुढचा सगळा अनर्थ या एका गोष्टीतून घडतो.

३

नवव्या प्रकरणात कोवलन घरी परततो. पूर्वजांनी मिळवलेले सारे धन घालवून बसल्याची लाज तो बोलून दाखवतो. माधवीला देण्यासाठी पैसे हवेत म्हणून तो संकोचतो आहे, असे कण्णगीला वाटते, आणि किंचित हसून ती एवढेच सुचवते की पैंजणे आहेत, ती घ्यावीत. हे वाक्य पातिव्रत्याचा कळस म्हणून वाखाणले जाते. ते वाखाणताना एक गोष्ट नजरेआड होते. घरातले सारे संपले असताना हे दागिने शिल्लक कसे राहिले? ते कण्णगीचे असल्यामुळे. कोवलनचे धन संपले आहे, तिचे संपलेले नाही. तिचे हसणे आज्ञाधारक पत्नीचे आहेच. परंतु ज्याच्याजवळ काही उरले आहे अशा माणसाचेही ते हसणे आहे.

कोवलन त्यावर जे बोलतो त्यात 'मुदल' हा शब्द येतो. मुदल म्हणजे आरंभ, मूळ, आणि व्यापाराच्या भाषेत भांडवल. हे शिलंबु मुदल धरून मदुरैला जाऊ आणि गमावलेले परत मिळवू, असा त्याचा बेत आहे. आपल्या 'मुद्दल' या शब्दाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. एका क्षणापूर्वी जे विरहाचे चिन्ह होते, ते आता व्यापारी कुळाचे भांडवल झाले. धर्मशास्त्राच्या भाषेत हे स्त्रीधन. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीने दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि कैद अशा आपत्तींत पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर ठेवलेले नाही. तमिळ व्यापाऱ्यांच्या व्यवहाराला हे नियम जसेच्या तसे लागू होते असे गृहीत धरण्याचे कारण नाही. परंतु त्या नियमांच्या शेजारी ठेवून पाहिले की काव्यातला प्रसंग नेमका कळतो. कोवलन दागिना हिरावून घेत नाही; ती देते, आणि तो तिच्या संमतीने विकायला नेतो. मदुरैत मादरी या गवळणीच्या घरी, कण्णगीने रांधलेले अन्न जेवल्यावर, जोडीतले एकच शिलंबु घेऊन तो बाहेर पडतो. शिलंबु असे दुसऱ्यांदा उतरते आणि जोडी फुटते.

संघम काव्यशास्त्रातील 'अकम्' आणि 'पुरम्' हे भेद १९६७ साली ए. के. रामानुजन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'कुरुन्तोगै'च्या अनुवादांमुळे आपल्या परिचयाचे झाले आहेत : अकम् म्हणजे अंतर्विश्व, प्रेम, घर, पुरम् म्हणजे बाहेरचे जग, राजा, युद्ध, कीर्ती. कोवलनच्या हातातले पैंजण अकम् ओलांडून पुरम्‌मध्ये शिरते. अकम्‌मध्ये त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. पुरम्‌मध्ये तो वाचणारे कोणी नाही.

४

नेमकी येथे एक तुलना उद्बोधक ठरते. 'अभिज्ञानशाकुंतला'त ओळखीचा दागिना आहे अंगठी. दुष्यंताचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. सहाव्या अंकाच्या आरंभी एक कोळी ती विकायला दाखवत असताना शिपायांच्या हाती सापडतो. शिपाई त्याला चोर ठरवतात, मारतात, त्याच्या वधाच्या कल्पनेने त्यांचे हात शिवशिवतात. अंगठी राजापुढे जाते, राजा ती ओळखतो, आणि कोळी अंगठीच्या मोलाइतके बक्षीस घेऊन सुटतो. मग सगळे मिळून दारूच्या गुत्त्याकडे वळतात.

कोवलनची गोष्ट नेमकी अशीच सुरू होते. परक्या नगरात, हातात मौल्यवान दागिना, विकण्याची इच्छा, आणि समोर राजाचा सोनार. या सोनाराने राणीचे पैंजण आधीच चोरलेले आहे. समोर तसेच पैंजण दिसताच आपला अपराध दुसऱ्यावर ढकलण्याची संधी त्याला दिसते. राजा नेडुंजेळियन त्या वेळी रुसलेल्या राणीची समजूत काढायला निघालेला आहे. सोनाराचे बोलणे ऐकून तो घाईत आज्ञा देतो, की पैंजण त्या माणसाच्या हातात असेल तर त्याला मारून ते आणावे. गेलेल्या शिपायांत काहीजण कचरतात. हा माणूस चोर दिसत नाही, असे त्यांना वाटते. सोनार त्यांना चोरांच्या कलांवर व्याख्यान देतो आणि एक अविचारी शिपाई तलवार चालवतो.

कोळी वाचतो आणि कोवलन मरतो, यामागे कोळ्याचे दैव आणि कोवलनचे पूर्वकर्म आहे असे दोन्ही काव्यांच्या चौकटीत म्हणता येईल. परंतु दोन वस्तूंत एक भौतिक फरक आहे. अंगठीवर नाव आहे, आणि ते राजाचे आहे. ती स्वतःची मालकी स्वतः सांगते. तिला वाचण्यासाठी फक्त पाहावे लागते. पैंजणावर नाव नाही. एका स्त्रीचे पैंजण दुसऱ्या स्त्रीच्या पैंजणासारखेच दिसते, राणीचे वाण्याच्या सुनेसारखे. त्याची ओळख आतल्या खड्यांत आहे आणि ती दिसत नाही. राजाची मालमत्ता सुवाच्य असते, स्त्रीची अवाच्य. राजाची आज्ञा दिसण्यावर आधारलेली आहे : हातात दिसले तर मारा. त्या आज्ञेत दिसणे आणि असणे यांच्यातले अंतर पुसले गेले आहे. नेडुंजेळियनचा अपराध क्रौर्याचा नाही. तो वाचनाचा अपराध आहे, आणि वाचनाची घाई हा सत्तेचा नेहमीचा दोष असतो.

चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर चार्ल्स सँडर्स पर्स यांचा भेद येथे उपयोगी पडतो. प्रतीकाचा अर्थ संकेताने ठरतो. निर्देशकाचा अर्थ त्या वस्तूशी असलेल्या प्रत्यक्ष संबंधातून निघतो, जसा धुराचा अग्नीशी. आतले खडे हे शिलंबूचे निर्देशक आहेत. ते कण्णगीच्या सद्गुणांचे वर्णन करत नाहीत. हा दागिना तिचा आहे एवढेच ते सांगतात. न्यायाला तेवढेच पुरेसे असते.

५

विसाव्या प्रकरणाचे नाव 'वळक्कुरै कादै' आहे. वळक्कु म्हणजे खटला, दावा. कण्णगी उरलेले एक शिलंबु हातात धरून राजद्वारी येते. द्वारपाल तिच्या उग्र रूपाची वर्दी देतो आणि राजा तिला आत बोलावून विचारतो की तू कोण. तिचे उत्तर विलापाचे नाही, दाव्याच्या मांडणीचे आहे. कबुतरासाठी स्वतःचे मांस देणारा राजा आणि वासराच्या मृत्यूसाठी पोटचा मुलगा रथाखाली घालणारा राजा, हे दोन चोल दाखले ती आधी ठेवते. असे राजे झाले ते पुहार माझे गाव, असे सांगते. मग पतीचे कुळ, त्याचे नाव, आणि तो येथे का आला ते : माझ्या पायातले शिलंबु विकण्यासाठी. वाक्यातला 'माझ्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. कोवलनच्या मृत्यूनंतर, भर सभेत, पहिल्यांदा त्या वस्तूची मालकी उच्चारली जाते.

राजा म्हणतो, चोराला मारण्यात अन्याय नाही. कण्णगी नीतीवर वाद घालत नाही. माझ्या शिलंबूत माणके आहेत, एवढेच ती सांगते. राजा उत्तरतो की आमच्यात मोती आहेत, आणि जप्त केलेले पैंजण आणवून तिच्यापुढे ठेवतो. ती ते फोडते. एक खडा उडून राजाच्या मुखावर जातो. तो पाहताच राजाचे छत्र कलते, राजदंड वाकतो. सोनाराच्या शब्दावर विसंबणारा मी राजा नव्हे, चोर तर मीच, अशा आशयाचे बोलून तो कोसळतो आणि प्राण सोडतो. राणी कोप्पेरुंदेवीही मागोमाग जाते.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली : राजा हरला आहे तो स्वतः मान्य केलेल्या कसोटीवर. मोती की माणके, हा प्रश्न त्याने स्वीकारला, आणि उत्तर बाहेर आल्यावर त्याने पळवाट काढली नाही. कवीने त्याला खलपुरुष न करता शेवटी न्यायाधीशच राहू दिले, म्हणूनच त्याच्या मृत्यूला उंची आहे. दुसरी : पुरावा सिद्ध होतो तो नष्ट होऊनच. ज्या क्षणी शिलंबु कण्णगीचे ठरते, त्याच क्षणी ते शिलंबु उरत नाही. स्त्रीच्या मालमत्तेची सत्यता पटवण्यासाठी ती मालमत्ता फोडावी लागते. तिचे म्हणणे ऐकले जावे यासाठी तिचे सर्वस्व आधी जावे लागते. शिलंबु या शब्दाचा तमिळमध्ये एक अर्थ ध्वनी करणे, निनादणे असाही आहे. आतापर्यंत मुके असलेले हे पैंजण काव्यात एकदाच पूर्ण आवाजात बोलते, ते फुटताना.

६

यावर गंभीर आक्षेप संभवतो. कण्णगीचे सामर्थ्य 'कर्पु'त, म्हणजे पातिव्रत्यातून येणाऱ्या तेजात आहे, आणि काव्य ते पदोपदी सांगते. तिने डावा स्तन उपटून मदुरैवर फेकला आणि नगर जळले, ही घटना कर्पुशिवाय अर्थहीन आहे. मग पुराव्याची ही चर्चा आधुनिक वाचकाने काव्यावर लादलेली नाही काय?

आक्षेपाचे उत्तर काव्याच्या घटनाक्रमात आहे. कर्पुचे सामर्थ्य न्यायसभेच्या आधीही प्रकट झाले आहे. अठराव्या प्रकरणात पतीच्या मृत्यूची वार्ता ऐकून कण्णगी सूर्यालाच विचारते की माझा पती चोर आहे काय, आणि तो चोर नाही, हे नगर जळेल, असे उत्तर तिला मिळते. पुढे मृत कोवलनही क्षणभर उठतो आणि तिचे अश्रू पुसतो. म्हणजे राजवाड्याच्या दारात पोहोचण्यापूर्वी देवतेची साक्ष तिच्याजवळ आहे. ती सूर्याची साक्ष सभेत काढत नाही. नगर जाळण्याचे सामर्थ्य असलेली स्त्री आधी दावा मांडते, प्रतिपक्षाला उत्तराची संधी देते आणि वस्तूवर निर्णय सोपवते. अग्नी येतो तो निर्णयानंतर. राजा तिच्या शापाने मरत नाही. तो माणकाने मरतो. कर्पु आणि पुरावा या काव्यात एकमेकांच्या विरोधात नाहीत, परंतु त्यांचा क्रम ठरलेला आहे, आणि पातिव्रत्याचे प्रतीक म्हणून पैंजण वाचणारी समीक्षा हा क्रम उलटा करते. तसे केले की न्यायसभा अनावश्यक होते.

याचा अर्थ अग्नीचे समर्थन करता येते असा नव्हे. ब्राह्मण, गायी, पतिव्रता, वृद्ध आणि बालके यांना वगळून बाकीचे नगर जाळले जाते, आणि ज्या सामान्य नागरिकांचा या अन्यायात काही हात नव्हता ते त्यात येतात. मदुरैची नगरदेवता कण्णगीला पूर्वजन्मीची कथा सांगते, की कोवलनने मागच्या जन्मी एका निरपराध व्यापाऱ्याला हेर ठरवून मारवले होते. ही कर्माची उपपत्ती राजाचा अपराध सौम्य करू पाहते. काव्यात अशा रीतीने दोन न्यायव्यवस्था शेजारी नांदतात : एक पुराव्याची, एक पूर्वकर्माची. कवीने त्यांचा मेळ घातलेला नाही, आणि काव्याची अस्वस्थ करणारी ताकद त्या न जुळण्यात आहे.

७

तिसऱ्या कांडात हा ताण विरतो. चेर राजा सेंगुट्टुवन हिमालयातून शिळा आणतो, ती गंगेत न्हाऊ घालतो, वाटेत उत्तरेचे राजे जिंकतो आणि कण्णगीची पत्तिनी देवी म्हणून स्थापना करतो. राजाला दोषी ठरवणारी स्त्री आता दुसऱ्या राजाच्या दिग्विजयाचे निमित्त होते. दावेदार बाई देवता झाली की तिचा दावा निकालात निघतो. प्रतीकीकरणाची ही प्रक्रिया समीक्षेने सुरू केलेली नाही. ती काव्यानेच सुरू केली आहे. समीक्षेचे काम ती ओळखण्याचे होते. बहुतेकदा समीक्षेने ती पुढे चालवली.

लोकपरंपरेत काय घडले? गेल्या काही दशकांत अभिजात संहितेच्या विरोधात लोकपरंपरेला बंडखोर मानण्याची रीत रूढ झाली आहे. येथे ती जपून वापरावी लागते. श्रीलंकेत पत्तिनी ही मोठी देवता आहे. गणनाथ ओबेसेकेरे यांनी १९८४ साली तिच्या उपासनेवर विस्तृत ग्रंथ लिहिला. तेथील कथांत ती पांड्य राजाच्या बागेतील आंब्यातून जन्मते, आणि सिंहली परंपरेनुसार गजबाहू राजाने तिची पैंजणे भारतातून आणली. शिलंबु येथे पवित्र अवशेष झाले आहे. केरळात कोडुंगल्लूरच्या भगवती मंदिरात भरणी उत्सवाच्या वेळी अंगात येणारे वेळिच्चप्पाड खड्ग आणि चिलंबु घेऊन धावतात. पैंजण तेथे देवीच्या संचाराचा आवाज आहे. तिरुवनंतपुरमच्या आट्टुकाल मंदिरात तोट्टम् गीतांतून कण्णगीची कथा अनेक दिवस गायली जाते, आणि पांड्य राजाच्या वधाचा भाग गाऊन झाला की जमलेल्या स्त्रिया पोंगलच्या चुली पेटवतात. लाखो स्त्रिया रस्तोरस्ती एकाच वेळी चूल पेटवतात तेव्हा मदुरैच्या अग्नीची आठवण सामुदायिक अन्नात बदलते, आणि हे रूपांतर विलक्षण सुंदर आहे. तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. काव्यात राजा पुरावा पाहून स्वतःला दोषी ठरवतो आणि मरतो. गीतात राजाचा वध होतो. लोकपरंपरेने क्रोध जपला आणि खटला सोडून दिला. देवीला साक्षीपुराव्याची गरज नसते.

आधुनिक सार्वजनिक जीवनातही हेच दिसते. १९६८ साली दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कण्णगीचा पुतळा उभारला गेला. डिसेंबर २००१ मध्ये तो हटवला गेला, त्यावर मोठा वाद झाला आणि २००६ साली तो पुन्हा बसवण्यात आला. पुतळ्याच्या हातात उंचावलेले पैंजण आहे, आणि ते अखंड आहे. शिल्पकाराने निवडलेला क्षण फुटण्याआधीचा आहे. पैंजण फुटल्यावर काय बाहेर पडले, हे धातूच्या पुतळ्यात दाखवणे कठीणच. परंतु अखंड पैंजणातून काहीच सिद्ध होत नाही. ते राणीचेही असू शकते.

म्हणून या काव्याच्या वाचनात 'प्रतीक' ही संज्ञा वापरताना थोडे थांबण्याची गरज आहे. स्त्रीच्या अंगावरील प्रत्येक अलंकार तिच्या शीलाचे, सौभाग्याचे वा सौंदर्याचे प्रतीक म्हणून वाचण्याची सवय आपल्या समीक्षेला आहे, आणि ती केवळ तमिळ काव्यापुरती नाही. वाल्मीकिरामायणाच्या प्रचलित पाठात लक्ष्मण सीतेची केवळ नूपुरे ओळखतो. त्या प्रसंगाची चर्चा नेहमी लक्ष्मणाच्या मर्यादेविषयी होते. वनात अपहृत होणाऱ्या स्त्रीने माग राहावा म्हणून ते अलंकार जाणूनबुजून खाली टाकले होते, म्हणजे ती स्वतःच्या अपहरणाचा पुरावा मागे ठेवत होती, हे क्वचितच बोलले जाते. अलंकार काहीतरी सुचवतात, हे आपण पटकन पाहतो. अलंकार साक्ष देतात, हे पाहायला आपण शिकलेलो नाही.

इळंगो अडिगळने काव्याला शिलंबूचे नाव दिले, कण्णगीचे नाही. तिची देवी होणार, शिळा होणार, मूर्ती होणार, हे कथेच्या ओघातच होते. परंतु तिचे म्हणणे ज्या वस्तूत बंद होते ती वस्तू नावात राहिली. ते म्हणणे काय होते हे विचारायचे तर न्यायसभेतल्या त्या साध्या वाक्याकडेच परत जावे लागते : पैंजण माझे आहे, आणि त्याच्या आत माणके आहेत.